चेकची कुळकथा

मध्यमवर्गीय घरात सकाळपासून रात्रीपर्यंत ‘चेक’ हा शब्द किती वेळा उच्चारला जातो, याची मोजदाद कोणी ठेवत नाही हे एका परीने बरेच आहे. ‘गॅस नीट बंद झालाय ना, एकदा चेक कर गं,’ असे सासूबाई सुनेला बजावतात. आजोबांना डॉक्टरकडे ‘चेकअप’साठी न्यायचे असते. बाईंनी निबंधाची वही अजून ‘चेक’ केली नाही म्हणून धाकट्याची कुरकुर चालू असते. आणि थोरल्याला कॉलेजात घालून जायला नेमका तोच ‘चेक्स’चा शर्ट हवा असतो, जो अजून दोरीवर ओला लटकतो आहे. सोसायटीच्या वर्गणीचा ‘चेक’ लिहायचा राहिला म्हणून घरधनी कपाटात चेकबुक शोधत असतात. आणि रविवार असला की दुपारच्या जेवणानंतर दोघे भाऊ बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. तासाभराच्या शांततेनंतर एकाएकी आरोळी उठते, ‘चेक!’

आता वही तपासणे, प्रकृती पाहणे, कापडावरच्या चौकड्या, बँकेतला कागद आणि पटावरच्या राजावरचा हल्ला यांची एकमेकांशी सोयरीक ती काय? निरनिराळे शब्द योगायोगाने एकाच उच्चाराचे निघाले असावेत, असे कोणालाही वाटेल. भाषेत असे योगायोग होतातही. युरोपात प्राग शहराच्या आसपास राहणारे ‘चेक’ लोक देवनागरीत याच दोन अक्षरांनी लिहावे लागतात. पण त्यांचा आपल्या चेकशी काडीचाही संबंध नाही. वर सांगितलेले सगळे चेक मात्र एकाच आईची लेकरे आहेत. त्यांची आई म्हणजे रविवारच्या दुपारची ती आरोळी. बाकीचे सगळे तिच्या पोटचे.

आणखी एक गंमत आहे. हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला खरा, पण त्याच्या कितीतरी आधी त्याचा सख्खा भाऊ मराठीच्या घरात येऊन राहिला होता. रोजच्या वर्तमानपत्रात तो भेटतो. एका पक्षाने दुसऱ्या पक्षाला ‘शह’ दिला, मग दुसऱ्याने ‘काटशह’ दिला, असे आपण चहाबरोबर वाचतो. हा ‘शह’ आणि तो ‘चेक’ एकच. एक खुष्कीच्या मार्गाने इराणातून थेट आला. दुसरा अरबस्तान, फ्रान्स, इंग्लंड असा अर्ध्या जगाला वळसा घालून बोटीतून उतरला. इतक्या वर्षांत दोघांचे चेहरे असे बदलले की एकाच वाक्यात शेजारी बसले तरी ते एकमेकांना ओळख देत नाहीत.

मूळ खेळ आपला, हे सर्वांना ठाऊक आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा सैन्याच्या चार अंगांवरून त्याला ‘चतुरंग’ नाव पडले. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षाच्या राज्याची थोरवी गाताना ‘चतुरंग’ आणि ‘अष्टापद’ या शब्दांवर श्लेष साधला आहे. म्हणजे तोवर हा खेळ दरबारी मंडळींच्या चांगला परिचयाचा झालेला होता. अष्टापद म्हणजे आठ-आठ घरांचा पट.

तिथून तो इराणात गेला. जाण्याची कथा इराणी लोकांनी मोठ्या तिखटमिठाने सांगितली आहे. हिंदुस्थानच्या राजाने म्हणे खुसरो अनोशिरवान बादशहाकडे सोळा सोंगट्या पाचूच्या आणि सोळा माणकांच्या असा पट पाठवला. सोबत निरोप असा, की या खेळाचे मर्म ओळखा, नाहीतर खंडणी द्या. खुसरोचा वजीर बुझुर्गमेहर याने ते मर्म ओळखले. एवढेच नव्हे, तर उलट फाशांचा एक खेळ रचून तो हिंदुस्थानात पाठवला. आपल्या पंडितांना काही तो उलगडला नाही! कथा इराणी असल्यामुळे शेवट असा होणार हे उघडच आहे. खुसरोची कारकीर्द ५३१ ते ५७९ ही, आणि खेळ साधारण त्याच काळात इराणात पोचला असावा, एवढा इतिहासाचा अंश त्यातून घ्यावा आणि पाचू-माणके दंतकथेला ठेवून द्यावीत.

इराण्यांनी ‘चतुरंग’चे ‘चत्रंग’ केले. पुढे अरबांच्या जिभेला ‘च’ आणि ‘ग’ झेपेनात, म्हणून ते ‘शतरंज’ झाले. पटावरच्या राजाला इराणी खेळाडू अर्थातच ‘शाह’ म्हणत. आणि राजावर हल्ला करायचा तर न सांगता करायचा नाही, अशी त्या खेळाची अदब होती. म्हणून हल्ला करणारा आधी मोठ्याने ‘शाह!’ म्हणे. त्या एका शब्दात ‘महाराज, सांभाळा’ एवढा सगळा मजकूर सामावलेला होता. प्यादे मेले, घोडा पडला, हत्ती गेला, तर कोणी हाक देत नसे. पूर्वसूचनेचा मान फक्त राजाला.

राजाला सुटायला घरच उरले नाही, की म्हणायचे ‘शाह मात’. याचा अर्थ ‘राजा मेला’ असा पुष्कळ पुस्तकांत दिलेला असतो, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. मला तो अर्थ पटत नाही. बुद्धिबळात राजा कधी मरत नाही. तो पटावरच उभा असतो, फक्त त्याला हलता येत नाही. फारसीत ‘मात’ म्हणजे कुंठित झालेला, हतबल. अनेक पंडितही आता हाच अर्थ धरतात. आपण मराठीत एखाद्यावर ‘मात केली’ असे म्हणतो, तेव्हा त्यालाही ठार मारलेले नसते. त्याची बोलती बंद केलेली असते. मराठीने फारसी अर्थ अचूक उचलला, असे म्हणायला हरकत नाही.

या ‘शाह’ शब्दाच्या आणखी मागे गेलो, तर पुन्हा आपल्याच अंगणात येऊन उभे राहतो. दार्युश राजाने इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर जो शिलालेख कोरवला, त्यात राजाला ‘क्षायथिय’ म्हटले आहे. झिजत झिजत त्याचा ‘शाह’ झाला. या शब्दातला ‘क्षि’ म्हणजे सत्ता चालवणे हा धातू संस्कृतातही आहे. आपले ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ त्याच गोतातले. इराणी भाषेत या ‘क्षत्र’च्या जुळ्या शब्दाचा अर्थ राज्य असा होता, आणि त्याचाच पुढे झाला ‘शहर’. तेव्हा पुणे शहरात राहणारा कोणी क्षत्रिय गृहस्थ चेकचा शर्ट घालून बँकेत चेक टाकायला निघाला, तर तो एकाच कुळातले चार शब्द बरोबर घेऊन चालला आहे, असे खुशाल समजावे.

अरबांनी हा खेळ स्पेन, सिसिली आणि त्यापलीकडे नेला. युरोपीय लोकांना ‘शाह’मधला शेवटचा ‘ह’ उच्चारता येईना. त्यांनी तो घशात अडकवून त्याचा ‘क’ केला. लॅटिनमध्ये झाले ‘स्काकुस’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि फ्रेंच बोलणारे नॉर्मन सरदार इंग्लंडचे राज्यकर्ते झाल्यावर, पुढचा ‘ए’ गाळून, इंग्रजीत ‘चेक’. फ्रेंचमधल्या अनेकवचनावरून खेळाचेच नाव पडले ‘चेस’. म्हणजे चेस हे चेकचे अनेकवचन. ‘अनेक राजे’ असा त्या खेळाच्या नावाचा मूळ अर्थ. जर्मन लोक याला ‘शाख’ म्हणतात, आणि रशियनांनी तर ‘शाखमाती’ असे म्हणून अख्खे ‘शाह मात’ जसेच्या तसे ठेवले आहे. फ्रेंचांनी मात्र जरा निराळी वाट धरली. त्यांच्या भाषेत ‘एशेक’ म्हणजे सरळ अपयश. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला तिकडे ‘शह’ मिळतो!

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकापर्यंत रुळला होता. आधी तो पटावरच होता. पण पटावरून उतरायला त्याला फारसा वेळ लागला नाही. राजाला शह बसला की चालू असलेला डाव थबकतो. मनातली सुंदर योजना बाजूला ठेवून आधी राजाची सोय पाहावी लागते. यावरून ‘चेक’ म्हणजे थांबवणे, आवर घालणे, असा अर्थ आला. घोड्याला लगामाने चेक करायचे, जिभेला चेक ठेवायचा. अमेरिकेची राज्यघटना घडवणाऱ्यांनी अध्यक्ष, कायदेमंडळ आणि न्यायालय यांनी एकमेकांवर ठेवायच्या अंकुशांची जी व्यवस्था केली, तिच्या नावातही हाच चेक आहे. पटावर राजाला रोखणारा शब्द राज्यकर्त्यांना रोखण्याच्या कामी आला.

आवर घालायचा तर आधी पाहायला हवे, की कोण कुठे चुकते आहे. म्हणून थांबवण्यावरून तपासण्याचा अर्थ निघाला. हा अर्थ मागाहूनचा, सतराव्या शतकाच्या अखेरीचा. आपल्याकडे मात्र नेमका हाच सर्वांत आधी घरात शिरला आणि सर्वांत उनाड निघाला. नाक्यावर चेकपोस्ट, गाडीत तिकीट चेकर, विमानतळावर चेक-इन, हॉटेलातून चेक-आउट. ‘बघ’, ‘पाहा’, ‘तपास’, ‘खात्री कर’, ‘चाचपून घे’, ‘पडताळ’ या सहा बारीक छटांच्या मराठी क्रियापदांचे काम हा एकटा करू लागला आहे. अशाने घरातली माणसे आळशी होतात, एवढेच माझे म्हणणे.

शर्टावरच्या चौकड्यांचे गणित सोपे आहे. चौकड्यांचे कापड म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखे कापड. मात्र एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की आपला जुना पट काळा-पांढरा नव्हताच. चौसष्ट घरे साध्या रेघांनी आखलेली आणि मोजक्या घरांत फुल्यांच्या खुणा, असा तो असे. एक घर काळे, एक पांढरे ही टूम युरोपात हजार-एक वर्षांपूर्वी निघाली. तेव्हा खेळ आपला, राजाचे नाव इराणी, आणि चौकड्या युरोपीय, असा तो तिघांचा शर्ट आहे.

आता या शब्दाच्या आयुष्यातल्या सर्वांत नवलाच्या प्रसंगाकडे येतो. पटावरून तो पैशात शिरला कसा?

बाराव्या शतकातल्या इंग्लंडची कल्पना करा. राजाचे अंमलदार, ज्यांना शेरीफ म्हणत, ते आपापल्या परगण्याचा वसूल घेऊन वर्षातून दोनदा, ईस्टरच्या आणि मायकेलमसच्या सुमारास, सरकारी खजिन्यात हजर होत. हिशेब करायचा कसा? आकडे रोमन. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करून पाहा, म्हणजे त्या कारकुनांची दया येईल. त्या लिपीत शून्य नाही, एकं-दहं नाही. आपला बुद्धिबळाचा पट इंग्लंडात जाऊन पोचला होता. पण आपले शून्य सरकारी दप्तरात पोचायला अजून पुष्कळ अवकाश होता. म्हणून त्या लोकांनी पटावरच हिशेब मांडायची युक्ती काढली.

दुसऱ्या हेन्री राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने या कचेरीची बारीकसारीक हकीकत लिहून ठेवली आहे. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे टेबल. वर ठेवलेले काही खाली पडू नये म्हणून त्याला चारी बाजूंनी चार बोटे उंचीची कड. दरवर्षी ईस्टरला नवे काळे कापड आणून त्यावर अंथरायचे, आणि त्या कापडावर वीतभर अंतरावर रेघा. एका पट्टीत पेन्स, पुढच्या पट्टीत शिलिंग, मग पौंड, विसा, शेकडे, हजार. एका ओळीत शेरीफकडून येणे असलेली रक्कम गोट्या मांडून दाखवायची. तिच्या खाली त्याने भरलेली रक्कम मांडायची. आणि वरच्यातून खालची वजा करत जायचे. रिकामे राहिलेले घर आपोआप शून्याचे काम करी. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्यालाही आपल्या अंगावर किती बाकी निघाली ते डोळ्यांनी दिसे.

पटासारख्या त्या कापडावरून या कचेरीलाच लॅटिनमध्ये ‘स्काकारियुम’, म्हणजे ‘बुद्धिबळाचा पट’, असे नाव पडले. ग्रंथातला शिष्य या नावाचे कारण विचारतो, तेव्हा गुरू रूपसादृश्याखेरीज दुसरेही एक साम्य सांगतो: पटावर दोन राजांची झुंज चालते, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची चालते, आणि बाकीचे भोवती बसून न्याय पाहतात. आयकराच्या कचेरीत कधी सुनावणीला जाऊन आलेल्या वाचकांना ही उपमा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

या ‘स्काकारियुम’चे इंग्रजीत झाले ‘एक्सचेकर’. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो. शब्दशः सांगायचे तर ‘बुद्धिबळाच्या पटाचा दिवाण’. तिथल्या पंतप्रधानांना १९२१ पासून विसाव्यासाठी मिळालेल्या खेड्यातल्या वाड्याचे नाव ‘चेकर्स’. बाराव्या शतकात त्या जागेचा धनी एक्सचेकरच्या द्वारपालाच्या हुद्द्यावर होता, त्यावरून ते पडले असे मानतात. शह देण्याच्या शब्दावरून ज्याचे नाव पडले, त्या घरात जाऊन पंतप्रधान विश्रांती घेतात. आता काय बोलावे!

याच कचेरीत पावती म्हणून लाकडाची एक काठी देत असत. तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला फुगलेल्या जवाच्या दाण्याएवढी. मग ती काठी उभी चिरून दोघांनी एकेक फाक घ्यायची. वाद निघाला की फाका जुळवून पाहायच्या. कोणी एक खाच जास्त पाडली असेल तर ती दुसऱ्या फाकेत नसणार. लबाडीला इतका स्वस्त आणि इतका पक्का आळा मला तरी दुसरा ठाऊक नाही. ही पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. १८२६ मध्ये ती बंद झाली, आणि १६ ऑक्टोबर १८३४ रोजी साठलेल्या जुन्या काठ्या पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घातल्या, तेव्हा भट्टी इतकी तापली की पार्लमेंटचीच इमारत त्या रात्री जळून गेली. सातशे वर्षांचे हिशेब एका दिवसात चुकते करू नयेत.

काठी गेली, पण दोन फाकांची कल्पना राहिली. आणि बँकेतला चेक जन्माला आला तो या कल्पनेतून. सतराव्या शतकात लंडनचे व्यापारी आपला पैसा सावकारी पेढ्यांकडे ठेवू लागले आणि ‘अमक्याला इतके द्यावेत’ अशा चिठ्ठ्या लिहू लागले. अशा जुन्या चिठ्ठ्यांपैकी एक १६ फेब्रुवारी १६५९ ची, मॉरिस आणि क्लेटन यांच्या पेढीवर काढलेली, ४०० पौंडांची आहे. पण तेव्हा तिला कोणी चेक म्हणत नव्हते. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणत ते मूळ चिठ्ठीला नव्हे, तर आपल्याकडे उरणाऱ्या तिच्या अर्ध्या भागाला. मराठीत आपण ज्याला स्थळप्रत म्हणतो, तिला. का? तर तिच्याशी पडताळून पाहिले की खोट्या चिठ्ठीला आणि वाढवलेल्या आकड्याला शह बसतो, म्हणून. पुढे हळूहळू तेच नाव चिठ्ठीला चिकटले आणि स्थळप्रत बिचारी बेनाव झाली.

म्हणजे चेकबुकातला खरा चेक तो, जो आपण बँकेत देत नाही. डाव्या हाताला राहतो, आणि ज्यावर तारीख, नाव, रक्कम लिहायचा आपण कंटाळा करतो. आमच्या आधीच्या पिढीतले गृहस्थ स्थळप्रत भरल्याशिवाय चेकवर सही करत नसत. ते त्यांचे कंजूषपण किंवा कारकुनी खाक्या आहे, असे तरुणपणी वाटे. शब्दाची कुळकथा पाहिली तर बरोबर तेच होते.

‘चेक’चे स्पेलिंग सुरुवातीला ‘सी-के’ने संपणारेच होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात एक्सचेकरच्या नमुन्यावर त्याला ‘क्यू-यू-ई’ची शेपटी जोडली गेली, शब्दाला जरा सरकारी रुबाब आला. अमेरिकनांनी मात्र जुनेच ठेवले. तिकडे उपाहारगृहात बिल मागवतानाही ‘चेक’ म्हणतात. नव्याने गेलेला आपला एखादा मराठी तरुण पहिल्यांदा हे ऐकून दचकतो, की इथे चहाचे पैसेही चेकनेच द्यायचे की काय!

अर्थात चिठ्ठीवर पैसे देणे हे काही इंग्रजांनी आपल्याला शिकवले असे नव्हे. हुंडी आपल्याकडे होतीच. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, धनीजोग हुंडी. हुंडी हरवली तर तिची ‘पेठ’, आणि पेठही हरवली तर ‘परपेठ’. या सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी ती ‘शाहजोग हुंडी’. तिचा पैसा कोणा येरागबाळ्याच्या हातात द्यायचा नाही. बाजारात ज्याची पत आहे अशा ‘शाहा’लाच द्यायचा. हुंडी मागाहून खोटी निघाली, तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर. दोन तिरक्या रेघा मारलेल्या आपल्या क्रॉस चेकचे काम पुष्कळसे असेच आहे: पैसा रोखीने खिडकीवर मिळत नाही, कोणातरी ओळखीच्या, जबाबदार बँकेच्या खात्यातून जावा लागतो.

इथे वाचक म्हणतील, सापडला! शाहजोगमधला शाह म्हणजे तोच इराणी राजा! तर नाही. शब्दांच्या मागे धावणाऱ्याने इथेच ठेच खाऊ नये. हा शाह म्हणजे संस्कृत ‘साधु’. साधूचा प्राकृतात ‘साहु’ झाला, साहूचा ‘शाह’. गुजराती व्यापाऱ्यांचे शहा हे आडनाव त्यातूनच आले. आपला ‘सावकार’ आणि ‘चोर की साव’ यातला ‘साव’ हेही त्यातलेच. एक शाह राज्य करून मोठा झाला, दुसरा व्यवहारात सचोटी राखून. पैशाच्या कागदावर दोघेही येऊन बसले, पण निरनिराळ्या दारांनी.

आपल्या देशात चेकला कायद्याची चौकट मिळाली ती १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टने. पण शंभर वर्षांहून अधिक काळ चेक वटला नाही तर घेणाऱ्याने कपाळाला हात लावून दिवाणी दावा करावा, एवढाच मुख्य मार्ग होता. फसवणुकीचा फौजदारी गुन्हा शाबीत करायचा तर लबाडीचा हेतू दाखवावा लागे. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झाले आणि चित्र बदलले. खात्यात पैसे नसताना देण्यापोटी चेक दिला, तर आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. मात्र घेणाऱ्यानेही डुलक्या घेऊन चालत नाही. १ एप्रिल २०१२ पासून चेकचे आयुष्य सहाऐवजी तीन महिन्यांचे झाले आहे. चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यावर देणाऱ्याला पंधरा दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल व्हावी लागते. ‘आज देतो, दिवाळीनंतर देतो’ अशा गोड बोलण्यावर विसंबून ही घरे निसटू दिली, तर मात कोणावर झाली ते सांगायला नको. शह कोणी दिला यापेक्षा तो वेळेत ओळखला का, याला पटावर अधिक महत्त्व असते.

कागदी चेकने आता प्रवासही सोडला आहे. पूर्वी चेक गठ्ठ्यांनी एका बँकेतून दुसरीकडे जात. दिल्लीत २००८ मध्ये आणि मुंबईत २०१३ मध्ये जी पद्धत सुरू झाली, तीत चेक जिथे भरला तिथेच थांबतो आणि त्याचे फक्त छायाचित्र पुढे जाते. छायाचित्रात खाडाखोड कशी ओळखावी? म्हणून रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून पन्नास हजार आणि त्यावरच्या रकमेसाठी नवी सोय आणली. चेक देणाऱ्याने तारीख, नाव, रक्कम ही माहिती आधीच आपल्या बँकेला स्वतंत्रपणे कळवायची; चेक आला की दोन्ही जुळवून पाहायचे. तिला नाव काहीही दिलेले असो, ती आहे आपली दुर्लक्षित स्थळप्रतच. चिरलेल्या काठीच्या दोन फाका पुन्हा एकदा समोरासमोर आल्या. पाच लाखांच्या पुढच्या चेकांसाठी ही सोय सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. पन्नास हजारांच्या पुढच्या इतर चेकांना ती घ्यायची की नाही हे खातेदारावर सोपवलेले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्यावर मोठ्या रकमेचे चेक निघत असतील, तर मुलांनी एकदा बँकेत जाऊन ही चौकशी अवश्य करावी.

काही देशांनी तर चेकला निरोपच दिला. न्यूझीलंडच्या प्रमुख बँकांनी २०२१ पर्यंत तो बंद केला. ब्रिटनमध्ये, म्हणजे त्याच्या माहेरीच, २०१८ मध्ये चेक बंद करायचे असे २००९ मध्ये ठरले होते. पण म्हातारी माणसे आणि धर्मादाय संस्था यांनी एवढा ओरडा केला, की २०११ मध्ये बेत गुंडाळून ठेवावा लागला. थरथरत्या हाताने का होईना, पण सही करून पैसे देता येतात. बोटाएवढ्या पडद्यावर आकडे टिपण्यापेक्षा अनेकांना ते सुखाचे वाटते. यावर हसणाऱ्या तरुणांनी आपल्या आजोबांना आकडे टिपताना एकदा शेजारी बसून पाहावे.

आणि मूळ आरोळीचे काय झाले? तिची कहाणी थोडक्यात सांगतो. मोठ्या स्पर्धांत आता ती ऐकू येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे शह दिल्यावर ‘चेक’ म्हणणे मुळीच बंधनकारक नाही. जाणते खेळाडू ते म्हणत नाहीत, आणि दुसऱ्याने म्हटले तर त्यांना तो व्यत्यय वाटतो. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी शहरात कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. तशा सामन्यांच्या दालनात सोंगट्यांच्या आणि घड्याळाच्या बारीक टकटकीपलीकडे काही ऐकू येत नाही. राजाने आपले आपण सांभाळायचे. पूर्वसूचना देण्याची जुनी इराणी अदब उरली आहे ती रविवारच्या दुपारी, घरातल्या सतरंजीवर, दोघा भावांच्या डावात. तिथे मात्र ‘चेक!’ असे ओरडल्याशिवाय दिलेला शह आजही धरला जात नाही, आणि त्यावरून होणारी भांडणे मिटवायला आईला स्वयंपाकघरातून बाहेर यावे लागते.